वकिलाच्या चुकीनं दावा गेला तर आधी दावा सावरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इचलकरंजीकडच्या एका सूत व्यापाऱ्यानं २०१९ मध्ये एका यंत्रमाग कारखानदाराविरुद्ध ९ लाख ४० हजारांच्या उधारीचा वसुली दावा लावला. वकीलसाहेब दर वेळी फोनवर सांगायचे, "तारीख पडली, तुम्ही यायची गरज नाही." परवा मुलानं सहज न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर दाव्याचा नंबर टाकून पाहिला, तर दावा चौदा महिन्यांपूर्वीच डिसमिस झालेला, म्हणजे काढून टाकलेला. कारण वादी आणि वकील दोघेही गैरहजर. आता त्यांचे तीन प्रश्न आहेत: वकिलावर ग्राहक मंचात जाता येईल का, त्यांची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, रद्द होईल का, आणि बुडालेले पैसे त्यांच्याकडून मिळतील का?

मी २६ वर्षं जिल्हा न्यायालयात दिवाणी कामं चालवतो. पक्षकाराला बुडवणारे वकील मी पाहिलेत, आणि मुळात लंगड्या दाव्याचं खापर वकिलावर फोडणारे पक्षकारही पाहिलेत. तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण तुम्ही न विचारलेला चौथा प्रश्न जास्त घाईचा आहे. डिसमिस झालेला दावा परत उभा राहतो का? तो उभा राहिला तर वकिलाविरुद्धच्या भांडणात फारसं काही उरत नाही. आणि उभा करण्याचा प्रयत्नच केला नाही, तर उद्या वकिलावर दावा लावाल तेव्हा पहिला उलट सवाल तुम्हालाच येईल: नुकसान टाळण्यासाठी तुम्ही स्वतः काय केलंत?

म्हणून पहिलं काम नक्कल अर्जाचं. डिसमिसच्या हुकुमाची आणि दावा लागल्यापासूनच्या संपूर्ण रोजनाम्याची, म्हणजे कोर्टातल्या दर तारखेच्या नोंदींची, प्रमाणित प्रत मागा. ई-कोर्ट्सवर जे दिसतं ते वाचायला पुरतं, पण पुरावा म्हणून प्रमाणित प्रतच हवी. वकील किती तारखांना हजर होते, किती वेळा मुदत मागितली, साक्षीपुराव्याचं शपथपत्र दाखल करायला किती संधी मिळाल्या, कधी खर्च बसला, हे सगळं रोजनाम्यात तारीखवार असतं. वकिलाच्या निष्काळजीपणाच्या बहुतेक प्रकरणांत मला सगळ्यात बोलका कागद हाच सापडलाय. पक्षकाराला वाटतं वकिलानं एक तारीख चुकवली. रोजनामा काढला की अकरा तारखा निघतात.

हुकुमात दावा कोणत्या नियमाखाली काढला तेही बघा. त्या दिवशी दोन्ही बाजू गैरहजर असतील तर तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९ रूल ३ खालचा हुकूम. मग नवा दावाही लावता येतो, अर्थात मुदत शिल्लक असेल तर. तुमची विक्री २०१९ च्या आधीची, मालाच्या किमतीच्या वसुलीला मुदत तीन वर्षांची, म्हणजे तुमच्यासाठी तो रस्ता बंद झालाय. प्रतिवादी हजर होता आणि फक्त तुमची बाजू गैरहजर होती, तर तो रूल ८. तिथे त्याच कारणावर नवा दावा मुळातच लावता येत नाही. दोन्ही प्रकारांत तुमच्यापुढे मार्ग एकच, दावा पुन्हा फाइलवर घेण्याचा अर्ज. त्याला मुदत डिसमिसच्या तारखेपासून ३० दिवसांची. तुमचे चौदा महिने गेलेत, म्हणून सोबत मुदतीच्या कायद्याच्या कलम ५ खाली विलंबमाफीचा अर्ज.

खरी लढाई या विलंबमाफीतच आहे, कारण वकिलाच्या चुकीचं काय करायचं हा प्रश्न कोर्टापुढे पहिल्यांदा इथेच येतो. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल दोन्ही बाजूंनी सापडतात. १९८१ च्या रफिक विरुद्ध मुन्शीलाल मध्ये न्या. डी. ए. देसाई म्हणाले, की वकील नेमून, फी देऊन, आपलं काम नीट होईल या विश्वासावर घरी बसलेल्या खेडेगावच्या पक्षकाराला वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा देता येणार नाही. त्यांनी अपील पुन्हा जिवंत केलं आणि खर्चाचे २०० रुपये गैरहजर वकिलाकडून वसूल करायला सांगितले. विलंबमाफीच्या जवळजवळ प्रत्येक अर्जात हा निकाल डकवलेला असतो. पण समोरचा वकील १९९३ चा सलिल दत्त काढतो. तिथे प्रतिवादी कलकत्त्यातलीच प्रायव्हेट लिमिटेड कंपनी होती. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की वकील हा पक्षकाराचा प्रतिनिधी आहे, आणि शिकलेल्या, शहरातल्या, धंदा चालवणाऱ्या माणसाला 'सगळं वकिलावर सोडलं होतं' असं म्हणून सुटता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये रजनीश कुमार विरुद्ध वेद प्रकाश मध्येही हाच सूर आहे: वकिलावर दोष ढकलणं ही पळवाट होऊ नये, पक्षकारानंही जागं राहिलं पाहिजे.

तुम्ही व्यापारी आहात, घरात ई-कोर्ट्स बघणारा मुलगा आहे. त्यामुळे समोरचा तुम्हाला सलिल दत्तच्या बाजूला ढकलणार. यावर उतारा तपशिलाचा. "वकिलांनी कळवलं नाही" या एका ओळीच्या अर्जाला हल्ली न्यायाधीश मानही वर करत नाहीत. कोणत्या तारखांना फोन केले, व्हॉट्सअॅपवर काय विचारलं, काय उत्तर आलं, फीचे हप्ते कधी दिले, हे सगळं तारीखवार लिहा. डिसमिस झाल्यानंतरही "पुढची तारीख पडली" असा एखादा मेसेज सापडला, तर तो एकटाच दहा निवाड्यांच्या तोडीचा.

इथे माझीच एक गोष्ट सांगतो. वकिलीच्या आठव्या-नवव्या वर्षी रोजनाम्यातला ११ माझ्या कारकुनानं डायरीत १९ उतरवला. देवनागरी आकडे आणि घाईचं अक्षर. ११ तारखेला पुकारा झाला, मी दुसऱ्या कोर्टात होतो, दावा डिसमिस. १९ ला गेलो तेव्हा समजलं. मी स्वतःचं शपथपत्र केलं, डायरीचं पान जोडलं, चूक माझी आहे असं लिहिलं. न्यायाधीश साहेबांनी दीड हजार खर्च बसवून दावा परत फाइलवर घेतला, खर्च मी खिशातून भरला. पक्षकाराला त्याच संध्याकाळी बोलावून सांगितलं. तो चिडला, पण वकीलपत्र काढून घेतलं नाही. तारीख प्रत्येक वकिलाची चुकते. चुकलेली तारीख लपवली की मात्र प्रकरण वेगळं होतं.

आता तुमचा पहिला प्रश्न. ग्राहक आयोगाचा, म्हणजे तुम्ही म्हणता त्या ग्राहक मंचाचा, दरवाजा बंद आहे. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. बेला त्रिवेदी आणि न्या. पंकज मिथल यांच्या पीठानं निकाल दिला, की वकिलाची सेवा ही व्यक्तिगत सेवेच्या करारात मोडते, म्हणून ग्राहक संरक्षण कायद्याखाली वकिलाविरुद्ध 'सेवेतील त्रुटी'ची तक्रार चालणार नाही. या प्रकरणाचं मूळ फार छोटं होतं. दिल्लीतल्या डी. के. गांधी यांनी २० हजारांच्या न वटलेल्या चेकसाठी वकील नेमला. आरोपीनं २० हजार आणि खर्चाचे ५ हजार वकिलाकडे दिले. गांधींचं म्हणणं, वकिलानं ते पोचवले नाहीत, उलट ५ हजार रोख मागितले, आणि शेवटी २० हजार मिळाले तरी ५ हजारांच्या चेकचं पेमेंट वकिलानंच थांबवायला लावलं. जिल्हा मंचानं गांधींच्या बाजूनं निकाल दिला, राज्य आयोगानं तो उलटवला, राष्ट्रीय आयोगानं २००७ मध्ये वकीलही या कायद्यात येतात असं ठरवलं. मग वकील संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, स्थगिती मिळाली, आणि ५ हजारांच्या चेकवरून सुरू झालेला प्रश्न सतरा वर्षांनी सुटला.

निकालाचं एक कारण असं, की वकिलाच्या कामावर पक्षकाराचं प्रत्यक्ष नियंत्रण असतं; त्याच्या सूचनेशिवाय वकील कबुली देऊ शकत नाही, तडजोड करू शकत नाही. कायदा म्हणून ते बरोबरच आहे. पण बार रूमच्या दारात आपल्या वकिलाची वाट बघत तीन-तीन तास उभे राहणारे पक्षकार रोज पाहणाऱ्या माणसाला ते नियंत्रण कुठे दिसत नाही, एवढं मी माझ्या व्यवसायबंधूंचा रोष पत्करून म्हणतो. असो, कायदा तो आहे. अजूनही कोणी तुमच्याकडून ग्राहक आयोगात तक्रार करण्यासाठी पैसे मागितले, तर तो तुम्हाला दुसऱ्यांदा बुडवतोय.

पण या निकालानं वकिलाला अभय दिलेलं नाही, आणि नेमकं हेच लोकांपर्यंत पोचलेलं नाही. साध्या दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा आजही चालतो. १९२६ चा लीगल प्रॅक्टिशनर्स (फीज) अॅक्ट नावाचा जेमतेम पाच-सहा कलमांचा जुना कायदा आहे. त्याचं पाचवं कलम सांगतं, की कामातल्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं तर केवळ वकील आहे म्हणून कुणालाही दाव्यापासून सूट नाही. १९८८ च्या एम. वीरप्पा खटल्यात अशाच दाव्यातला वादी मरण पावला आणि वारसांना तो पुढे चालवता येईल का, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. उत्तर असं: दावा मानहानी किंवा मनस्तापासारख्या व्यक्तिगत अन्यायाचा असेल तर माणसाबरोबर संपतो, करारभंगामुळे मालमत्तेचं झालेलं नुकसान असेल तर वारस चालवू शकतात. म्हणून असा दावा लिहिताना मनस्तापावर रकानेच्या रकाने भरू नका. करार, फी, ठरलेलं काम, ते न केल्यानं झालेलं पैशाचं नुकसान, या क्रमानं लिहा. वादी वयस्कर असेल तर हे आणखीच महत्त्वाचं.

निष्काळजीपणा कशाला म्हणायचं? दावा हरला म्हणून वकील निष्काळजी ठरत नाही. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात डॉक्टरांबद्दल बोलताना सर्वोच्च न्यायालयानं वकिलाचाही दाखला दिलाय: कोणताही वकील केस जिंकूनच देईन अशी हमी देत नाही, आपल्याकडे लागणारं कौशल्य आहे आणि ते वाजवी काळजीनं वापरू, एवढीच हमी असते. कोणता साक्षीदार तपासायचा, उलटतपासात काय विचारायचं नाही, कोणता मुद्दा सोडून द्यायचा, हे वकिलाच्या निर्णयाचे प्रांत आहेत आणि कोर्ट तिथे सहसा बोट घालत नाही. मुदत चुकवणं, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) न देणं, निकाल लपवणं, कोर्ट फीचे पैसे घेऊन दावाच न लावणं, पक्षकाराला न विचारता तडजोडीची पुरसिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) देणं, या गोष्टींना मात्र निर्णयाची ढाल नाही. पक्षकाराच्या सूचनेशिवाय वकिलानं त्याचे हक्क सोडू नयेत, हे २०१५ च्या हिमालयन को-ऑपरेटिव्ह सोसायटीच्या निकालात स्पष्ट म्हटलंय. तुमच्या प्रकरणात डिसमिस लपवल्याचा पुरावा असेल तर निष्काळजीपणा सिद्ध करणं अवघड नाही.

अवघड आहे ते पुढचं, आणि असे दावे बहुतेक तिथेच अडतात. दाव्याच्या पोटात आणखी एक दावा असतो. वकील चुकला हे दाखवून भागत नाही. तो चुकला नसता तर तुम्ही जिंकला असता हेही तुम्हालाच दाखवावं लागतं. म्हणजे जो सूत-उधारीचा दावा कधी चाललाच नाही, तो आता वकिलाविरुद्धच्या दाव्यात चालवायचा. चलनं, बिलं, माल पोचल्याच्या सह्या, खतावणी, आणि कारखानदाराचा बचाव. "सूत तुटकं होतं, अर्धा माल परत केला" असं त्यानं कैफियतीत म्हटलं असेल, तर ते खोडून काढण्याचं ओझं तुमच्याच डोक्यावर. मौज म्हणजे तुमचा जुना वकील आता कारखानदाराच्या बाजूनं बोलणार, आणि तुमच्या दाव्यातली कच्ची जागा त्याच्याइतकी कुणाला माहीत?

समजा हेही जमलं. मग पुढची अडचण: निकाल तुमच्यासारखा लागला असता तरी हातात काय पडलं असतं? कारखानदाराचे माग बँकेनं ओढून नेले असतील, जागा भाड्याची असेल, तर ९ लाख ४० हजारांचा हुकूमनामा हा फक्त कागद असता. वकिलाच्या चुकीमुळे तुम्ही तेवढंच गमावलंत, असं तो म्हणेल आणि कोर्टाला ते ऐकावं लागेल. म्हणून दावा लावण्याआधी त्या कारखानदाराची आजची स्थिती काढा. सातबारा, मिळकत पत्रिका, चालू धंदा, जे मिळेल ते. माझ्याकडे असाच एक गृहस्थ आला होता, वकिलानं अपिलाची मुदत घालवली म्हणून तावातावानं. मी खालच्या कोर्टाचं निकालपत्र घरी नेऊन वाचलं. अपील वेळेत लागलं असतं तरी टिकलं नसतं. त्याचं नुकसान फार तर अपिलासाठी दिलेल्या फीचं होतं. हे सांगितल्यावर तो माझ्यावरही रागावला.

शंभर टक्के जिंकलो असतो हे कुणालाच सिद्ध करता येत नाही, मग भरपाई शून्य का? इंग्लंडमध्ये १९५८ च्या किचन खटल्यात यावर वाट काढली गेली. पती विजेच्या धक्क्यानं गेलेल्या बाईच्या सॉलिसिटरनं मुदत घालवली होती. मूळ दावा जिंकता आला असता का, हे खात्रीनं सांगता येत नव्हतं. कोर्टानं गमावलेल्या संधीची किंमत केली आणि जास्तीत जास्त ३ हजार पौंडांपैकी २ हजार दिले. आपल्याकडे असे दावे इतके थोडे चालतात की युक्तिवादात हा जुना इंग्रजी निकाल अजून उपयोगी पडतो. माझ्या जिल्ह्यात अंतिम निकालापर्यंत गेलेले असे दावे मी एका हाताच्या बोटांवर मोजेन. त्याला एक कारण कायद्याबाहेरचं आहे: त्याच बारमधला वकील आपल्या शेजारच्या टेबलावरच्या वकिलाविरुद्ध वकीलपत्र घ्यायला तयार होत नाही. शेजारच्या जिल्ह्यातला बघा. शिवाय आपल्याकडे वकिलांना व्यावसायिक विमा सक्तीचा नाही. हुकूमनामा झाला तरी वसुली त्यांच्या खिशातूनच करायची आहे. दाव्याची मुदत तीन वर्षं. ती कधीपासून मोजायची यावर वाद घालता येतो, पण तुम्ही डिसमिसच्या तारखेपासूनच मोजा.

सनदेचा प्रश्न वेगळ्या दारातला. अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम ३५ खाली तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करायची. कौन्सिलला प्रथमदर्शनी तथ्य वाटलं तर ती तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे जाते. शिक्षा समज देण्यापासून सनद काढून घेण्यापर्यंत; बुडालेली रक्कम मात्र बार कौन्सिल मिळवून देत नाही. एक वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं, असं कलम ३६-ब सांगतं. आणि इथली पट्टी दिवाणी कोर्टापेक्षा उंच आहे. पुण्याच्या दोन वकिलांवरचं खांडेकर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा न्यायालयानं चुकीचा सल्ला आणि अनुचित सल्ला यांत फरक केला: नुसती चूक किंवा नुसता हलगर्जीपणा गैरवर्तन नव्हे, त्यात नीतिभ्रष्टता मिसळलेली हवी. दुसऱ्या टोकाला रंगादुराई प्रकरण आहे. फी आणि खर्च घेऊन दावे लावलेच नाहीत, आणि लावलेत असं भासवलं. तामिळनाडू कौन्सिलनं सहा वर्षं निलंबित केलं, वरच्या कौन्सिलनं ते एका वर्षावर आणलं, आणि न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यातून गरिबांना मोफत कायदेशीर मदत करण्याची वाट काढून दिली.

तुमच्या प्रकरणात सगळं त्या खोट्या फोनवर आहे. तारीख चुकली एवढंच असेल तर सनदेला धक्का लागणार नाही. डिसमिस माहीत असून वर्षभर "तारीख पडली" म्हटलं असेल, तर तो हलगर्जीपणा राहत नाही. फौजदारीचा विचार मात्र आज नको. २०१२ मध्ये हैदराबादच्या एका बँकेच्या पॅनेल वकिलाबाबत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की चुकीचा अहवाल दिला एवढ्यावरून वकील कटातला आरोपी होत नाही. विश्वासानं दिलेले पैसे खाल्ले असते तर गोष्ट निराळी. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही.

फाइल अडवून ठेवली असेल तर घाबरू नका. फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद रोखण्याचा हक्क वकिलाला नाही. २००० मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे ठरवलंय. लेखी मागा, पोच घ्या.

आणि त्या जुन्या वकिलांकडे एकदा जा, पण भांडायला नाही. चूक झाल्याचं शपथपत्र द्या, असं म्हणा. विलंबमाफीला त्याच्याइतका आधार दुसऱ्या कशाचा नाही. कदाचित देणार नाहीत, कारण तोच कागद उद्या त्यांच्याविरुद्धच्या दाव्यात तुमची पहिली निशाणी (पुराव्याचा कागद) होईल, हे त्यांनाही कळतं. नकार दिला तर तीच मागणी स्पीड पोस्टानं पाठवा आणि आठवडाभरात नव्या वकिलामार्फत अर्ज दाखल करा. मुलानं ज्या दिवशी ई-कोर्ट्सवर दावा पाहिला त्या दिवसाचा, तारीख दिसणारा स्क्रीनशॉट असेल तर जपून ठेवा. त्या दिवसापर्यंतचा उशीर वकिलाच्या नावावर टाकता येतो, त्यापुढच्या प्रत्येक दिवसाचा जाब तुम्हाला द्यावा लागेल.